संगणकावरचा लेहरा माणसाने वाजवल्यासारखा कसा करायचा? (तीनताल, सासरे नाराज)

लोकमान्यनगरची सून (इंदूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

माझे सासरे, नाना, वय ७६. नोकरी वीज मंडळात झाली, जीव तबल्यात. लहानपणी इथल्या उस्ताद जहांगीर खाँसाहेबांना समोर बसून ऐकलंय, हे आठवड्यातून एकदा तरी निघतंच. संध्याकाळी पाच मुलं शिकायला येतात. लेहरा, म्हणजे तबल्याच्या सोबतीला पुन्हा पुन्हा फिरणारी पेटीची एका आवर्तनाची धून, धरायला मागच्या गल्लीतले एक काका यायचे, वर्षानुवर्षं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मुलाने त्यांना पुण्याला नेलं. पेटी आमच्या घरीच आहे, वाजवणारा गेला.

तुम्ही म्हणाल, तूच वाजव. मी मध्यमा परीक्षेपर्यंत पेटी शिकलेय, पण नाना एका कायद्यावर (तबल्याची बांधीव रचना) चाळीस मिनिटं बसतात. तेवढ्यात माझे जीएसटीचे रिटर्न, कुकर आणि फोन तिन्ही एकदम वाजतात. मोबाइलवरचा तयार लेहरा लावून पाहिला. दोन आवर्तनांत नानांनी फोन पालथा घातला.

मग मी स्वतःच लॅपटॉपवर केला. चंद्रकंस, अगदी साधा (ग, ध कोमल, नि शुद्ध):

सा – – नि़ | सा ग – म | ध – नि ध | म ग सा नि़

शेवटचा मंद्र निषाद आणि त्यावरून समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, षड्ज. लय साठची, म्हणजे मात्रेला एक सेकंद, आवर्तन सोळा सेकंदांचं. माउसने एकेक सूर जागेवर ठेवला, सगळ्यांचा जोर सारखा ८०. पेटीचे नमुने बरे आहेत, एकेक सूर सुटा ऐकलात तर खरी पेटीच वाटते.

नानांनी तीन आवर्तनं ठेका धरला, मग हात डग्ग्यावर ठेवून बसले. "ए बाई, हा कोण वाजवून राहिला? समेवर येतो, पण सम दाखवत नाही."

आता यात नेमकं काय बदलायचं? "फील आण" असं कृपया कोणी सांगू नका. आकडे सांगा, जागा सांगा.

टिचकी

सोपं आहे. सगळे सूर निवडा आणि ह्यूमनाइज दाबा. वेळ १५-२० मिलिसेकंद मागेपुढे, व्हेलॉसिटी (सुराचा जोर) दहाने कमीजास्त. दोन मिनिटांचं काम.

लोकमान्यनगरची सून (इंदूर)

टिचकी, तेही केलं होतं, लिहायचं राहिलं. त्यावर नाना म्हणाले, "आता पिऊन बसलाय."

खर्ज-नर (देवास)

ताई, तुमच्या नानांना माझा नमस्कार सांगा. दोन्ही वेळा बरोबर बोलले ते.

मी पेट्या दुरुस्त करतो, संगणकातलं मला फारसं कळत नाही. पण वर ते व्हेलॉसिटीचं वाचलं आणि हसू आलं. पेटीची पट्टी हळू दाबा नाहीतर बुक्की मारा, सूर तेवढाच येतो. पट्टी म्हणजे नुसतं झाकण. ते उघडलं की हवा रीडमधून, म्हणजे सूर देणाऱ्या धातूच्या पात्यावरून, जाते. आवाज लहानमोठा होतो तो भात्याने, आणि भाता एकच. त्या क्षणी जेवढे सूर उघडे असतील ते सगळे मिळून वाढतात, सगळे मिळून उतरतात. तुम्ही मधल्या एकट्या गंधाराचा जोर वाढवला आणि पुढच्या मध्यमाचा कमी केला, तर ते पियानोवाल्याने पेटी वाजवल्यासारखं ऐकू येणार. सगळ्यांचा जोर ८० ठेवला होतात तेच बरं होतं.

भाता कसा चालतो तेही बघा. बाहेरचा भाता आपण हाताने मारतो, हवा आतल्या भात्यात जाते, त्याला स्प्रिंगचा दाब असतो. म्हणून दोन हातांच्या मध्ये आवाज एकदम पडत नाही, सावकाश उतरतो. तुम्हाला रेघ काढायची असेल तर चढाव पटकन आणि उतार लांब अशी काढा. आणि ती मात्रेला बांधू नका. डावा हात ताल मोजत नाही, आतली हवा संपत आली की मारतो. फक्त समेच्या थोडं आधी, पंधराव्या-सोळाव्या मात्रेच्या आसपास, मुरलेला वाजवणारा भाता भरून घेतो. समेचा षड्ज भरल्या भात्यावर यायला हवा. नाना म्हणतात ते "सम दाखवणं" बरंचसं इथे आहे.

दुसरं, बोटं. संगणकात एक सूर संपतो तिथेच दुसरा सुरू होतो ना? पेटीवर तसं कोणी वाजवत नाही. सा वरून ग वर जाताना सा जरा उशिरा सुटतो, क्षणभर दोन्ही उघडे राहतात. तेवढ्याने जोड येतो. उलट तोच सूर दोनदा घ्यायचा असेल तर बोट उचलावंच लागतं, तिथे फट पडते. आणि म वरून ध ला जाताना नि चा कण लावून बघा, इतका लहान की सूर म्हणून मोजता येऊ नये.

तिसरं, खर्जाचे रीड लांब आणि जड असतात, बोलायला उशीर लावतात. जुना वाजवणारा खालचा सूर नकळत आधी दाबतो. तुमचा सोळाव्या मात्रेचा मंद्र निषाद तिथेच आहे, नेमका समेच्या दारात. तो उशिरा बोलला की समेचा षड्ज एकटा पडतो.

जोरात हवा दिली की रीडचा सूर किंचित उतरतो, खर्जात जास्त. ट्यूनिंग करताना आम्हाला हे रोज दिसतं. तुम्हाला संगणकात करता आलं तर करा, नाही केलं तरी चालेल.

मायनस_दोन (इंदूर, विजयनगर)

देवासच्या काकांनी अर्धं काम केलं, मी त्याचे आकडे देतो.

मिडी (संगणकाला सूर कळवायची भाषा) १९८३ साली आलं तेच मुळात की-बोर्डवाल्यांच्या सोयीने. प्रत्येक सुराबरोबर आघाताचा एक आकडा जातो, १ ते १२७. पियानोला ते शोभतं. पेटीला व्हेलॉसिटी एका आकड्यावर गोठवा आणि भात्यासाठी कंट्रोलर ११ वापरा, म्हणजे एक्स्प्रेशन. तो चॅनेलमधल्या सगळ्या सुरांना एकत्र लागतो, अगदी भात्यासारखा. ७ नंबरला, म्हणजे व्हॉल्यूमला, हात लावू नका, तो मिक्सिंगसाठी राहू द्या.

सूर उतरवण्यासाठी पिचबेंड. त्याच्या १६,३८४ पायऱ्या असतात, मध्य ८१९२, आणि बहुतेक ठिकाणी आवाका वर-खाली दोन-दोन स्वरांतरांचा (काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजून). म्हणजे एका सेंटला (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) साधारण ४१ पायऱ्या. भाता भरला असताना दोन-तीन सेंट उतरवायचे तर शंभरेक पायऱ्या खाली. कानाला कळणार नाही, पण काढून टाकलंत तर फरक कळेल.

वेळेचं आता. साठच्या लयीत मात्रेचे ४८० टिक (सॉफ्टवेअर मात्रेचे करतं ते बारीक तुकडे) असतील तर एक टिक दोन मिलिसेकंदांहून जरा मोठा. सूर १०-१५ टिक एकमेकांवर चढवा, म्हणजे २०-३० मिलिसेकंद. मंद्र निषाद तेवढाच आधी ओढा. इथे एक खड्डा आहे, मी त्यात पडलोय: टिक लयीबरोबर आकुंचन पावतात, रीड पावत नाही. लय १२० केली की तेच १२ टिक निम्म्या वेळाचे होतात आणि खर्ज पुन्हा उशिरा वाटायला लागतो. लय वाढली की हा आकडा वाढवावा लागतो.

आता "पिऊन बसलाय" का वाटलं ते. ह्यूमनाइजचं बटण बहुतेक ठिकाणी प्रत्येक सुराला वेगळा फासा टाकतं. तिसऱ्या मात्रेला उशीर झाला हे चौथीला माहीतच नसतं. माणसाचं तसं नाही, थोडा मागे पडला की पुढच्या दोनतीन मात्रा तो मागेच रेंगाळतो, मग सावरतो. २०११ साली जर्मनीत गटिंगेनच्या संशोधकांनी वादकांच्या अशा चुका मोजल्या. एका चुकीचा धागा पुढच्या कितीतरी ठोक्यांपर्यंत जातो असं त्यांना दिसलं, आणि श्रोत्यांना ऐकवल्यावर फाशासारख्या विस्कटलेल्या वेळेपेक्षा अशी धागा असलेली वेळ लोकांना जास्त आवडली. म्हणून ताई, खोटी चूक बनवत बसू नका. लहान मिडी की-बोर्ड घ्या, क्वांटाइझ (सूर आपोआप मात्रेवर बसवणारी सोय) बंद करा, नानांच्या ठेक्यावर दहा-बारा आवर्तनं वाजवा आणि तेवढी सगळी फिरवा. एकच आवर्तन फिरवलंत तर चौथ्यांदा कान पकडतो.

एक धोका. स्टॉकहोमच्या केटीएच तंत्रविद्यापीठात योहान सुंडबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून यावर काम केलंय, नुसत्या लिहिलेल्या सुरांना माणसासारखं वाजवायचे नियम काढलेत. ओळीच्या सुरुवातीला जरा वेग, शेवटाला जरा ठाय, अशा जातीचे. पाश्चात्त्य संगीताला ते फार छान लागतात. काही सॉफ्टवेअरमध्ये "एक्स्प्रेसिव्ह" नावाने असलंच काहीतरी मिळतं. लेहऱ्याला लावू नका.

खर्ज-नर (देवास)

आवर्तनाच्या शेवटी ठाय? तबलजी डग्गा फेकून मारेल.

ठाय-दून

मला एक कळत नाही, हा खटाटोप कशाला? लेहरा म्हणजे खुंटा. गाय फिरते, खुंटा फिरत नाही. मुलांना रियाझाला निर्जीव लेहराच द्या, लय पक्की होईल. मी स्वतः मेट्रोनोमवर रेला घासलाय. लेहरेवाला आपल्याला सांभाळून घेतो ही सवय लागली की मुलगा स्टेजवर उघडा पडतो. नानांचा मान राखून म्हणतो, त्यांना ज्याची आठवण येतेय तो लेहरा नव्हे, सोबत आहे.

लोकमान्यनगरची सून (इंदूर)

ठाय-दून, शेवटचं वाक्य नानांना वाचून दाखवलं. म्हणाले, "असेल. मग?" बाकीच्या मुद्द्यावर त्यांचं म्हणणं असं की मुलांच्या रियाझाला निर्जीव चालेल, पण तिहाई (तेच बोल तीनदा घेऊन समेवर येणं) निर्जीव लेहऱ्यावर शिकवता येत नाही. तिहाई घेताना मुलगा लेहरेवाल्याकडे बघतो, तो मंद्र निषादावर जरा वजन देतो, दोघं मिळून समेवर उतरतात. खुंट्याकडे कोण बघेल?

काका आणि मायनस_दोन, तुमचं सगळं लिहून घेतलंय. मार्च संपू द्या.

लोकमान्यनगरची सून (इंदूर)

एप्रिल उजाडला, रिटर्न गेले, आता अहवाल.

जेल रोडवरून छोटा की-बोर्ड आणला, दोन सप्तकांचा, बाजूला एक सरकपट्टी असलेला. रविवारी सकाळी पोहे झाल्यावर नानांना ठेका धरायला बसवलं. सॉफ्टवेअरमधला ठोका बंद, फक्त तबला. मी बारा आवर्तनं वाजवली. पहिली दोन फेकली, तेव्हा मला हसू येत होतं.

मग सूर पडद्यावर बघितले, आणि जरा ओशाळले. नवव्या मात्रेचा धैवत दर आवर्तनात लवकर. दहाच्या दहा! कधी २० मिलिसेकंद, एकदा तर ४५. खाली (तीनतालाची नववी मात्रा) आली की मी घाई करते, मग तेराव्या मात्रेपर्यंत हळूहळू परत येते. इतकी वर्षं पेटी वाजवून मला हे ठाऊक नव्हतं. फाशाने हे आलंच नसतं, त्याला खाली कुठे आहे हेच माहीत नाही.

भाता दुसऱ्या फेरीत केला. वाजवलेलं ऐकत डाव्या हाताने सरकपट्टी. आधी खुर्चीत बसून केला तर तो पंख्यासारखा एकसारखा आला. मग जमिनीवर मांडी घातली, की-बोर्ड पेटीसारखा समोर ठेवला, आणि हात आपोआप काकांनी सांगितलं तसा चालायला लागला, चढाव पटकन, उतार लांब. समेच्या आधीची भरती मात्र मी मुद्दाम घातली, माझ्या हातात ती नव्हती. आता एक्स्प्रेशन ७० ते १००च्या मध्ये फिरतं, समेला १०५.

व्हेलॉसिटी सगळीकडे ८०. सूर एकमेकांवर चढवायची गरजच पडली नाही, बोटांनी ते केलेलंच होतं. मंद्र निषाद मात्र हाताने १२ टिक आधी ओढला, कारण माझ्या की-बोर्डला खर्जाचं वजन नाही आणि बोट फसलं. निषादाचा कण तिसऱ्या आणि आठव्या आवर्तनातच ठेवला. सगळीकडे टाकला तर लग्नातल्या बँजोसारखं होत होतं. पिचबेंड केला. मला फरक ऐकू येत नाही, मुलगा म्हणतो येतो. असो.

संध्याकाळी काही न सांगता लावला. नाना कायदा घेऊन बसले, पलटे झाले, मुलंही होती. सहासात मिनिटांनी वाजवता वाजवताच म्हणाले, "धैवताला घाई करायची सवय गेली नाही तुझी अजून."

मी तेव्हा स्वयंपाकघरात होते, कणीक मळत. त्यांना वाटलं मी पेटीवर बसलेय. हाक मारली तरी पेटी चालूच, तेव्हा मागे वळून बघितलं त्यांनी.

त्या रात्री मी धैवताची घाई निम्मी केली. पूर्ण काढली नाही, पूर्ण काढली तर बाकीच्या मात्रा परत सुट्या पडतात.

राहिलेलं दुखणं लयीचं. साठवरून ऐंशीवर जाताना नाना दोन आवर्तनं वाढत वाढत जातात, हाताने थोडं, मानेने थोडं. सध्या मी साठ, सत्तर, ऐंशी, शंभर अशा चार वेगळ्या फाइली केल्यात आणि मुलांपैकी एक जण नाना मान हलवतील तेव्हा बटण दाबतो. तो कधी कधी नानांच्या मानेऐवजी पंख्याकडे बघत असतो. यावर काही उपाय?

मायनस_दोन (इंदूर, विजयनगर)

आहे. टेम्पोची उडी घेऊ नका, दोन आवर्तनांची चढण काढा, साठवरून ऐंशी. सरळ रेघ नको, आधी सावकाश, दुसऱ्या आवर्तनाच्या मध्यावर जास्त, आणि समेच्या दोन मात्रा आधी ऐंशीवर स्थिर. वाढ सम ओलांडून गेली तर मुलं हमखास सुटतात. ही चढण एका पायपट्टीला जोडता येते, म्हणजे पट्टी दाबली की पुढच्या समेपासून सुरू. नाना पाय लावतील का?

लोकमान्यनगरची सून (इंदूर)

विचारलं. "तबलजी पायाने लय सांगत नाही." मीच लावेन, कणीक मळता मळता.

फाइल हवी असेल त्यांना पाठवते. काळी एकमध्ये (पहिल्या काळ्या पट्टीवर षड्ज) आहे. दुसऱ्या पट्टीत न्यायची तर सगळं निवडून नुसतं वर सरकवू नका, खालचे सूर वर गेले की निषादाचे ते १२ टिक जास्त होतात, कानाने बघून कमी करा.

ठाय-दून

काळी चार मिळेल का? मुलीला हवंय.